स्मरणिकेचं काम घेतल्यापासून बिल मिळेपर्यंत

सांगलीत गावभागात माझं डीटीपीचं छोटं काम आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुकं, वास्तुशांतीची निमंत्रणं असं गेली अकरा वर्षं करतेय, डिझाइन मी करते आणि छपाई ओळखीच्या प्रेसमधून करून घेते. पण एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, १२८ पानं, हजार प्रती, असलं काम पहिल्यांदाच अंगावर घेतलं. काम घेतल्यावर नेटवर बरंच शोधलं, कागदाचं आणि सॉफ्टवेअरचं भरपूर सापडलं, पण कमिटीशी बोलायचं कसं, कुठल्या टप्प्याला काय विचारून घ्यायचं, हे मराठीत कुठंच मिळेना. म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय. शाळेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही.

पहिला फोन आला १२ ऑगस्ट २०२४ ला, सोमवार होता. संस्थेचे सचिव, त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. "ताई, स्मरणिका करायची आहे, किती होतील सांगा." मी विचारलं किती पानं, तर म्हणाले होतील शंभर-सव्वाशे. रंगीत? थोडी रंगीत. कधी पाहिजे? २५ जानेवारीला प्रकाशन. पूर्वीची मी असते तर फोनवरच आकडा सांगून मोकळी झाले असते. या वेळी म्हटलं, अण्णा, मी शाळेत येते, समोर बसून बोलू.

गेले तेव्हा हातात डमी नेली. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, डमी म्हणजे ज्या कागदावर छापायचं त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची, कोरी बांधलेली प्रत. बायंडरमामांनी दीडशे रुपयांत करून दिली. ७० जीएसएम मॅपलिथो (पुस्तकाचा साधा कागद), मध्ये १६ पानं आर्ट पेपर (फोटोंसाठीचा गुळगुळीत कागद), वर ३०० जीएसएमचं कव्हर. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. जीएसएम हा शब्द कमिटीतल्या कुणाला काही सांगत नाही, पण डमी हातात घेतल्याबरोबर मुख्याध्यापक मॅडम म्हणाल्या, "एवढी जाड होणार होय, मग चालेल." क्राऊन साइज, म्हणजे साधारण दिवाळी अंकाएवढा. साइज, कागद, बांधणी या तीन गोष्टी त्या एका बैठकीत मिटल्या आणि नंतर शेवटपर्यंत त्यावर परत चर्चा झाली नाही.

त्यानंतर दरपत्रकाचं आलं. संस्थेच्या नियमाप्रमाणे तीन बंद पाकिटं लागतात, सोबत पॅन, जीएसटी नंबर, उद्यम नोंदणी आणि कॅन्सल चेक. मी ३ सप्टेंबरला पाकीट दिलं, १,१८,००० अधिक जीएसटी. आकडा एकरकमी न देता फोडून दिला, टायपिंग-मांडणी वेगळी, कागद वेगळा, प्लेटा (ज्यांवरनं छापतात ते पत्रे), छपाई, कव्हर, लॅमिनेशन, बांधणी, पोच. शिवाय खाली चार ओळी लिहिल्या: दोन वेळा दुरुस्त्या यात धरल्या आहेत, तिसऱ्यापासून पानाला ४० रुपये, पानं वाढली तर सोळाच्या पटीत वाढतील, कागदाचा दर पंधरा दिवसांपुरता, निम्मे पैसे आधी, ३० टक्के प्रूफवर (छपाईआधी तपासायला दिलेल्या प्रतीवर) सही झाल्यावर, २० टक्के पोच झाल्यावर. घरचे म्हणत होते एवढं लिहिलं तर काम जाईल. मग गणपती आले, सांगलीत संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी जातो तोवर कुणाला कशाचं विचारण्यात अर्थच नसतो, पुढं अनंत चतुर्दशी, आणि २३ सप्टेंबरला खरेदी समितीचा ठराव होऊन पत्र आलं. अण्णा नंतर बोलले की माझा दर सगळ्यात कमी नव्हता, पण बाकी दोघांच्या कागदावर नुसती एक रक्कम होती. पहिला चेक अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सहीचा, तो ७ ऑक्टोबरला मिळाला. त्यात ५९० रुपये कमी होते, मी घाबरून फोन केला तर तो एक टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर. तुम्ही संस्थेचं काम घेत असाल तर हे आधीच हिशोबात धरा, रिटर्न भरताना मिळतं ते.

ऑक्टोबरमध्ये मजकूर यायला लागला आणि खरी परीक्षा सुरू झाली. शाळेनं चौदा जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला होता. एक सर म्हणायचे मनोगत पुढं घ्या, दुसरे म्हणायचे मागं, तिसरे रात्री साडेअकराला जुन्या लेखाचा नवा फोटो टाकायचे, आणि कुणाचं ऐकायचं ते कळायचं नाही. आठवडाभर तसंच चाललं. मग मी अण्णांना भेटून सरळ सांगितलं की मला एकच माणूस द्या, बाकीचे सगळे त्यांना सांगतील आणि ते मला सांगतील. त्यांनी शाळेतले भाऊसाहेब दिले, म्हणजे वरिष्ठ लिपिक, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. माझ्या नशिबानं तो माणूस मिळाला.

भाऊसाहेबांशी फोन झाला की लगेच मी त्यांना मेसेज टाकायचे, "आज ठरलेलं" असं वर लिहून, खाली दोन-तीन ओळी. जाहिराती मागच्या ३२ पानांत. देणगीदारांची यादी रकमेप्रमाणे नाही, अकारविल्हे. ग्रुप फोटो अर्ध्या पानाचे. त्यावर त्यांचा "हो" आल्याशिवाय मी पुढं जायची नाही. नुसता अंगठा आला तर परत विचारायची, कारण अंगठा वाचलं म्हणून येतो का पटलं म्हणून, हे कळत नाही. सुरुवातीला त्यांना ते जरा जाचाचं वाटलं असणार. नंतर नंतर तेच विचारायचे, "ताई, आजचं ठरलेलं पाठवलं न्हाई अजून?"

फोटोंचं सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो बारीक होऊन येतो, मोबाइलवर चांगला दिसतो आणि छापला की फुटतो. हे शब्दांत सांगून कुणाला पटेना. शेवटी एकच फोटो दोन प्रकारे मागवला, एक साधा आणि एक डॉक्युमेंट म्हणून, दोन्ही एकाच कागदावर प्रिंट काढून स्टाफरूमच्या फळ्यावर टाचले. दुसऱ्या दिवसापासून सगळे डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लागले. जुने फोटो मात्र घरोघरच्या भिंतीवरनं फ्रेमसकट उतरवून आले होते, एकूण ८३. मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडं गावभागात पूर येतो, फोटोंना काही झालं तर?" प्रश्न बरोबर होता. २०१९ ला आमच्या खालच्या खोलीत पाणी होतं, त्यानंतर कॉम्प्युटरसुद्धा वरच्या मजल्यावर नेलाय. मी त्यांना वरची खोली दाखवली, प्रत्येक फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं नंबर घातला (पेननं कधी लिहू नका, पुढं उमटतं), आणि पोच दिली. ६०० डीपीआयला स्कॅन करून महिन्याभरात सगळे परत केले.

मजकुरात आणखी एक त्रास म्हणजे फॉन्ट. अर्धे लेख मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेले, अर्धे जुन्या संगणकावरचे श्रीलिपीतले, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमधले. श्रीलिपीतलं युनिकोडमध्ये नेलं की काही जोडाक्षरं मोडतात, "ऱ्या" आणि "ष्ट्र" तर हमखास. हे मी लपवलं नाही. भाऊसाहेबांना सांगून टाकलं की हे अठरा लेख बदलून घेतलेले आहेत, चुका माझ्या नजरेतून सुटू शकतात, तेव्हा हे लेखकांनी स्वतःच वाचायचे.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. मग शिक्षक निवडणुकीच्या ट्रेनिंगला आणि प्रेस प्रचारपत्रकांनी भरलेली, वर दिवाळी. २० नोव्हेंबरला मतदान होईपर्यंत मला शाळेतून एक ओळ मिळाली नाही. त्या दिवसांत जीव खाली-वर होत होता, कारण जानेवारीची तारीख काही हलणार नव्हती. मी दर सोमवारी भाऊसाहेबांना एक मेसेज पाठवायचे, काय आलंय, काय यायचंय, आणि ते कधीपर्यंत आलं नाही तर काय अडेल. उत्तर नाही आलं तरी पाठवायचे.

याच काळात प्रेसवाल्या काकांच्या टेबलावर एक फॉर्म बघितला. निवडणुकीचं पत्रक छापायचं असेल तर प्रकाशकानं आपली ओळख लिहून दोन प्रतींत द्यावी लागते, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या लागतात, आणि पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ क. काका म्हणाले, "ह्यामुळं बरं असतंय, उद्या कोण म्हणाया नको की हे मी दिलंच नव्हतं." मी घरी येऊन तसाच कागद प्रूफसाठी केला. "पान १ ते १२८ वाचलं. नावं, पदं, आकडे, फोटोखालच्या ओळी तपासल्या. यानंतरच्या बदलाचा खर्च वेगळा." खाली दोन सह्या, तारीख.

पहिलं प्रूफ २ डिसेंबरला दिलं. पानं १३४ भरली होती. सहा पानं जादा, एवढंच ना, असं सगळ्यांना वाटलं. मी स्टाफरूममध्ये वर्तमानपत्राचा एक मोठा कागद घेतला, तीन वेळा घडी घातली आणि कडेनं उलगडून मोजायला लावलं. सोळा. एक कागद म्हणजे सोळा पानं, त्याला आमच्यात फॉर्म म्हणतात, म्हणून एकतर सहा कमी करा नाहीतर १४४ करा आणि वाढीव फॉर्मचा खर्च द्या. इतिहासाच्या सरांनी आपला लेख आपणच निम्मा केला.

दुसरी बैठक १४ डिसेंबरची, शनिवार, शाळा सुटल्यावर ग्रंथालयात. देणगीदारांची यादी, २१२ नावं. भाऊसाहेब चष्मा कपाळावर सरकवून, बोट ठेवून एकेक नाव मोठ्यानं वाचत होते, बाकीचे चहा पीत होते. ४७ नंबरवर बोट थांबलं. परत वाचलं. "कै.?" म्हणाले. मग माझ्याकडं बघून, अगदी हळू, "ताई, हे आबा मला सकाळी डेअरीवर भेटले की ओ. हातात किटली हुती."

कुणी हसलं नाही. माझे हातपाय गार पडले. चूक माझीच होती. जुन्या यादीवरनं एक्सेलमध्ये भरताना वरच्या ओळीतलं "कै." खाली ओढलं गेलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी शाळेला पहिल्या दोन खोल्यांचं सागवान दिलं, ते आबा आपलंच नाव तसं वाचतील, त्यांच्या घरचे वाचतील, हे डोळ्यासमोर आलं. मी तिथंच सांगितलं की ही माझी चूक आहे, आणि एक सापडली म्हणजे आणखी असतील. त्या रात्री "कै." असलेली नावं वेगळी काढली, ६४ निघाली, आणि उरलेल्या १४८ ची दुसरी यादी. भाऊसाहेब आणि शिपाईमामा दोन्ही याद्या घेऊन चार दिवस गावात फिरले, प्रत्येक नावापुढं खूण. आणखी एक हयात निघाले आणि "श्री." लिहिलेले तिघे गेलेले होते. यादी, पत्रिका, श्रद्धांजली, काहीही करत असाल तर ही नावं वेगळ्या कागदावर काढून गावातल्याच माणसाकडून तपासून घ्या. हे काम कॉम्प्युटरवर बसून होत नाही.

२१ डिसेंबरला सह्या झाल्या, फक्त पहिला रंगीत फॉर्म सोडून. त्यात मान्यवरांचे शुभेच्छा संदेश होते आणि मंत्र्यांचं खातेवाटप त्याच दिवशी जाहीर झालं, पदं बदलून तो फॉर्म २६ तारखेला पक्का केला. हे होणार हे आधीच दिसत होतं, म्हणून संदेश एकाच फॉर्ममध्ये ठेवले होते.

मुखपृष्ठावर शाळेच्या झेंड्याचा केशरी रंग. मोबाइलवर तो पेटल्यासारखा दिसतो, छापल्यावर दबतो, कारण स्क्रीन उजेडानं रंग दाखवते आणि आम्ही चार शाया एकमेकांवर छापतो. सांगून कुणाचं समाधान होत नाही हे आता कळलं होतं. ६०० रुपये खर्चून कव्हरचे दोन नमुने काढले, एक ग्लॉसी, एक मॅट, आणि दिवसाउजेडी व्हरांड्यात दाखवले. मॅडमना मॅट आवडत होतं, पण त्यात केशरी आणखी मळकट दिसला. ग्लॉसी ठरलं.

आणि ३० तारखेला अण्णा, मॅडम आणि भाऊसाहेबांना प्रेसमध्ये घेऊन गेले. माझ्या मते या सगळ्या कामात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच. अण्णांनी जुना खिळ्यांचा छापखाना बघितलेला, त्यात शिशाची उलटी अक्षरं जुळवून छापायचे, त्यामुळं प्लेट हातात घेतल्यावर ते चकित झाले, "अक्षरं उलटी नाहीत?" काकांनी दाखवलं की प्लेटवरनं आधी रबराच्या ब्लँकेटवर उमटतं आणि तिथनं कागदावर, म्हणून प्लेटवर सरळच असतं. मॅडमनी विचारलं, यातलं एक अक्षर बदलायचं असेल तर? काका म्हणाले, प्लेट नवीन. त्यानंतर मला "एवढं एकच करा की" असा फोन एकदाही आला नाही.

आता जे सांगायला जड जातंय ते. २ जानेवारीला संध्याकाळी प्रेसमध्ये गेले. छापलेले फॉर्म पाटावर रचलेले, शाईचा वास. वरचा कागद उचलून बघितला, देणगीदारांचा फॉर्म, आणि ४७ नंबरला "कै." माझ्या पेनड्राइव्हवर "फायनल", "फायनल २" आणि "फायनल नवीन" अशा तीन फाइली होत्या आणि त्या एका फॉर्मची प्लेट जुन्या फाइलवरनं गेली होती. पाठपोट हजार कागद छापून तयार.

काका म्हणाले, कुणाला कळायच्या आत दुसरा छापू. छापायचा तर होताच. पण मी बाहेर येऊन, गाडीला टेकून अण्णांना फोन लावला. काय झालं, कशामुळं झालं, चूक माझी, खर्च माझा, नवीन फॉर्म चार तारखेला छापून होईल आणि बांधणी दोन दिवस पुढं जाईल, तरीसुद्धा २२ ला प्रती मिळतील, एवढं एका दमात सांगितलं. पलीकडं शांतता. मग म्हणाले, "ते छापलेलं कुठं जाणार?" माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. रद्दीत गेलेला कागद आमच्याकडं भेळेच्या गाड्यावर निघतो. म्हटलं, तुमच्या माणसासमोर कापते. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले, कटिंग मशीनवर त्या गठ्ठ्याच्या चिंध्या होईपर्यंत उभे राहिले. नवीन फॉर्मची पहिली प्रत मशीनवरून निघाली ती त्यांनीच वाचली, बोट ठेवून, आणि कोपऱ्यात सही केली. कागद, दोन प्लेटा, छपाई मिळून ४,८५० रुपये गेले. ते गेले याचं वाईट वाटलं नाही. फोन लावायच्या आधीची ती पाच मिनिटं मात्र अजून आठवतात.

पुढचं फार नाही. संक्रांतीला बायंडरची माणसं दोन दिवस नव्हती, ते मी आधीच कळवलं होतं. २२ जानेवारीला टेम्पोनं ९९६ प्रती पोचवल्या, चार बांधणीत खराब झाल्या, त्या बिलातून वजा केल्या. पोचपावतीवर मोजून सही घेतली. २५ ला प्रकाशन झालं, मी मागच्या रांगेत होते.

शेवटचे २३,६०० मिळायला वेळ लागला. फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षा, मग अध्यक्ष बाहेरगावी, आणि चेक आला २८ मार्चला, आर्थिक वर्ष संपायला तीन दिवस असताना. मी दोनदाच विचारलं, दोन्ही वेळा लेखी, बिल नंबर आणि पोचपावतीची तारीख घालून.

चेक द्यायला भाऊसाहेब स्वतः आले. म्हणाले, पंच्याहत्तरीला मी नसेन, पण शाळेकडं हे सगळं असू दे, पेनड्राइव्हवर भरून द्या. नवीन पेनड्राइव्ह आणून दिला. आत पक्कं पुस्तक, ८३ फोटो आणि त्या दोन याद्या, खुणांसकट स्कॅन केलेल्या. पुस्तकाची फाइल एकच ठेवली आणि तिला नाव दिलं फक्त तारखेचं, ४ जानेवारी २०२५.